एकच सायकल उरते तेव्हा : रहस्यपटाच्या पहिल्या दोन मिनिटांची आखणी



स्नेहसंमेलनात नाट्यछटा, समूहगीत आणि गरबा यांच्या जोडीला आपण केलेला लघुपटही दाखवावा, अशी इच्छा वरच्या वर्गांतून वरचेवर ऐकू येते. लघुपट म्हटला की बहुतेकांना रहस्यपटच करायचा असतो. त्यात गैर काही नाही. मात्र कागदावर उतरणारी पहिली कल्पना साधारण अशी असते : अंधारी गल्ली, धावणारे पाय, काळा कोट, पिस्तूल, किंकाळी आणि मग लाल अक्षरांत शीर्षक. हे सगळे पहिल्या अर्ध्या मिनिटात! पाहणारा दचकतो खरा, पण त्याला भीती वाटत नाही. कोण धावते आहे हेच त्याला ठाऊक नसते, आणि ज्याची ओळख नाही त्याची काळजी तरी का वाटावी?

चित्रपटाची नुसती सुरुवात करणे हा स्वतंत्र अभ्यास होऊ शकतो. इंग्लंडमधील ओसीआर या परीक्षा मंडळाने २००८ पासून काही वर्षे आपल्या अकरावीच्या वयाच्या मुलांना माध्यम अभ्यास या विषयात हेच काम दिले होते. एका नव्या कथापटाची शीर्षके आणि सुरुवात तयार करायची, लांबी जास्तीत जास्त दोन मिनिटे, संगीत आणि ध्वनी स्वतःचे किंवा हक्कमुक्त. त्यात १०० पैकी २० गुण केवळ पूर्वाभ्यासाला आणि आखणीला होते. पुष्कळ मुले त्यासाठी रहस्यपट निवडत. आपल्यालाही ही दोन मिनिटांची मर्यादा सोयीची आहे. संपूर्ण कथा सांगायची नसल्याने शेवट जुळवण्याची कटकट नाही, आणि सारे लक्ष एकाच प्रश्नावर देता येते : प्रेक्षकाला काय कळू द्यायचे आणि केव्हा?

रहस्यपटाची सुरुवात या प्रश्नावर उभी असते. अंधार, धूर, ढोल ही नंतरची सजावट आहे.

याचे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण १९३१ सालचे आहे. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा 'एम' हा चित्रपट, त्यांचा पहिला बोलपट. बर्लिनसारख्या मोठ्या शहरात लहान मुले नाहीशी होत आहेत, असा त्याचा विषय. विषय जड आहे, म्हणून दहावीच्या खालच्या मुलांनी तो पालकांशिवाय पाहू नये. परंतु त्याच्या सुरुवातीत एक थेंबही रक्त नाही, की एकही किंकाळी नाही.

पडदा काळा असताना प्रथम एका मुलीचा आवाज येतो. चाळीच्या चौकात मुले गोल करून उभी आहेत आणि कोण बाद होणार हे ठरवण्याचे गाणे म्हणत आहेत. गाणे त्या खुन्याबद्दलचेच आहे. वरच्या मजल्यावरील बाई त्यांना रागावते आणि धुण्याची टोपली घेऊन दुसऱ्या बाईच्या दारी येते. ही दुसरी बाई म्हणजे एल्सीची आई. ती म्हणते की मुलांचे गाणे ऐकू येते आहे तोवर ती इथेच आहेत एवढे तरी कळते. हे वाक्य सहज बोलल्यासारखे येते आणि जाते. पण त्या क्षणापासून प्रेक्षकाच्या कानाला कामाला लावले जाते. आता शांतता झाली की त्याला भीती वाटणार.

मग भिंतीवरचे घड्याळ बाराचे ठोके देते. आई हसते, ताट मांडू लागते. शाळा सुटते. रस्ता ओलांडायला एक पोलीस एल्सीला मदत करतो. ती चेंडू आपटत चालली आहे. एका खांबावर बक्षिसाची जाहिरात चिकटवलेली आहे, तिच्यावर ती चेंडू मारते. त्या जाहिरातीवर एका माणसाची सावली पडते, आणि तिचा चेंडू किती छान आहे असे तो म्हणतो. आपल्याला त्याचा चेहरा दिसत नाही. इकडे आई पुन्हा घड्याळ पाहते. जिन्यावर पावले वाजतात, पण ती दुसऱ्या मुलांची असतात. तो माणूस आंधळ्या फुगेवाल्याकडून एल्सीला फुगा घेऊन देतो आणि शीळ वाजवत राहतो. दारावरची घंटा वाजते, पण आलेला असतो साप्ताहिक कादंबरीचा भाग विकणारा. आई खिडकीतून हाक मारते. तिची हाक चालू असताना पडद्यावर एकापाठोपाठ रिकाम्या जागा येतात : रिकामा जिना, वाळत घातलेल्या कपड्यांचा माळा, टेबलावरचे कोरे ताट. शेवटी झुडपातून चेंडू घरंगळत येऊन थांबतो आणि फुगा तारांत अडकून हलत राहतो. बस्स.

काय घडले हे कोणी सांगत नाही आणि दाखवतही नाही. पण पाहणाऱ्याला ते आईच्या आधी कळते. आपल्याला ठाऊक आहे आणि तिला नाही, या अंतरातच सगळी भीती आहे. आणखी एक लक्षात घ्या : या प्रसंगात वापरलेल्या वस्तू कोणत्या? चेंडू, फुगा, ताट, घड्याळ, जिना. यांतली एकही वस्तू भीतिदायक नाही, आणि एकही अशी नाही जी आपल्या घरी सापडणार नाही. ज्यांना वाटते की रहस्यपटाला खर्च फार, त्यांनी ही यादी वहीत लिहून ठेवावी.

उलट पद्धतीचे उदाहरण म्हणजे ऑर्सन वेल्स यांचा १९५८ सालचा 'टच ऑफ ईव्हिल'. येथे पहिल्याच क्षणी एक हात बाँबचे घड्याळ लावतो आणि तो बाँब मोटारीच्या डिकीत ठेवला जातो. नंतर तीन मिनिटांहून थोडा अधिक काळ कॅमेरा न थांबता, एकाच शॉटमध्ये, मेक्सिकोच्या सरहद्दीवरील गावातून त्या मोटारीमागे फिरतो. लोक चालत आहेत, गप्पा मारत आहेत, चौकीवर थांबत आहेत. आपण मात्र सारखे त्या मोटारीकडे पाहतो. लांग माहिती चोरून देतात, वेल्स ती आधीच हातात ठेवतात. दोन्हीकडे प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहीत आहे. आपण पहिल्या पद्धतीनेच जावे असे मी सुचवीन, कारण तीन मिनिटांचा अखंड शॉट क्रेनवाल्यांनाही अवघड जातो.

आता आपल्या शाळेकडे येऊ. नमुना म्हणून एक कल्पना घेतो. शाळा सुटते. सायकल स्टँडवर गर्दी, घंट्यांचा किणकिणाट. हळूहळू सगळे जातात. शिपाईकाका खिडक्या लावत फिरतात. फाटक बंद करायला येतात तो काय, स्टँडवर एकच सायकल उरली आहे, आणि तिच्या कॅरिअरला डब्याची पिशवी अडकवलेली आहे. ते इमारतीकडे पाहून हाक मारतात. उत्तर नाही. इथे शीर्षक. मग ते जिना चढून जातात, वर्ग पाहतात, रिकामे. ते खाली यायला वळतात आणि त्यांच्या पाठीमागे, दुसऱ्या मजल्यावरील एका खिडकीतला दिवा विझतो. ते पाहत नाहीत, आपण पाहतो. ते स्टँडवर परत येतात. सायकल तिथेच आहे, पिशवी नाही. फाटकाला कुलूप तसेच आहे.

यात पिस्तूल नाही आणि धावपळ नाही. दिवा विझण्याचा शॉट काढून टाकला तरी गोष्ट उभी राहते, पण मग प्रेक्षक काकांच्या बरोबरीने चकित होतो आणि तेवढेच. तो शॉट ठेवला तर पुढची वीस सेकंदे प्रेक्षक मनातल्या मनात 'काका, मागे बघा' असे म्हणत राहतो. वर्गात दोन्ही बाजूंनी वाद घालून काय ते ठरवावे. ठरवल्यावर मात्र बदलू नये, कारण पुढची सगळी आखणी त्यावर आहे.

दोन मिनिटे म्हणजे १२० सेकंद. एक शॉट सरासरी सहा सेकंदांचा धरला तर वीस शॉट होतात. प्रत्येक शॉट लावणे, तालीम करणे, तीनदा घेणे, यांत पंधरा मिनिटे सहज जातात. म्हणजे नुसते चित्रीकरण पाच तासांचे. पण आपल्याला पाच तास मिळणारच नाहीत. भरलेला सायकल स्टँड दिवसातून एकदाच, शाळा सुटताना, पाचेक मिनिटे दिसतो. डिसेंबरात वडोदऱ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर आकाश निळे असून खिडकीतला दिवाही उठून दिसेल असा उजेड जेमतेम वीस मिनिटे टिकतो. म्हणून कथेच्या क्रमाने चित्रीकरण करायचे नसते. जागा आणि उजेड यांच्या क्रमाने करायचे. पहिल्या दिवशी भरलेला स्टँड आणि गर्दी. दुसऱ्या दिवशी जिना, वर्ग, किल्ल्यांचा जुडगा, खिडक्या लावणारे हात. तिसऱ्या संध्याकाळी एकटी सायकल आणि विझणारा दिवा, तेही आधी दोनदा तालीम करून, कारण चुकले तर उद्याच.

इथेच वहीचा उपयोग. एका पानावर वीस चौकटी आखाव्यात आणि प्रत्येकीत शॉटचे ओबडधोबड चित्र काढावे : माणूस केवढा दिसतो, कुठून येतो, कुठे जातो. चित्रकला चांगली असण्याची गरज नाही, काड्यांची माणसे चालतात. चौकटीखाली तीन गोष्टी लिहाव्यात : किती सेकंद, कोणता आवाज, आणि या शॉटनंतर प्रेक्षकाला नवे काय कळले. तिसऱ्या रकान्यात काही लिहिता आले नाही तर तो शॉट खोडावा. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली' (१९५५) करण्यापूर्वी संहितेऐवजी चित्रांचीच वही तयार केली होती आणि ती घेऊन ते निर्मात्यांकडे जात असत. आपल्या गावाशी नाते असलेले उदाहरण हवे तर दादासाहेब फाळके यांचे आहे. ते येथील कलाभवनात शिकले, ज्याची स्थापना सयाजीराव महाराजांनी १८९० साली केली. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) साठी पैसा उभा करताना त्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीची छोटी चित्रफीत करून दाखवली. रोज ठराविक वेळी, कॅमेरा न हलवता, थोडीथोडी फीत घ्यायची. एवढ्याशा चित्रफितीसाठी किती दिवसांची शिस्त लागली असेल!

कॅमेरा न हलवणे आपल्यालाही लागणार आहे. भरलेला स्टँड आणि एकट्या सायकलीचा स्टँड या दोन्ही शॉटची चौकट तंतोतंत एक असेल तरच मनाला तो धक्का बसतो. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती फरशीवर खडूने खुणा कराव्यात आणि उंची मोजून लिहून ठेवावी. मोबाइलवर चित्रीकरण करत असाल तर पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड स्थिर करावा, नाहीतर काका चौकटीतून गेले की चित्र आपोआप उजळते-काळवंडते. मोबाइल आडवा धरावा. फोन येऊ नये म्हणून विमानातली सोय चालू करावी. पिशवी कॅरिअरला कशी अडकवली होती, काकांच्या सदऱ्याचे कोणते बटण उघडे होते, याचे फोटो काढून ठेवावेत. तीन दिवसांचे काम एका संध्याकाळीचे वाटायचे आहे.

दिशेचेही तसेच. काका फाटकाकडून इमारतीकडे जाताना पडद्यावर डावीकडून उजवीकडे गेले, तर परत येताना उजवीकडून डावीकडे आले पाहिजेत. स्टँड आणि इमारत यांना जोडणारी एक रेघ नकाशावर आखा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा.

ध्वनीकडे मुले सर्वांत कमी लक्ष देतात, आणि रहस्यपटात तोच अर्धे काम करतो. मोबाइल लांब ठेवून घेतलेला आवाज वाऱ्याने आणि रिक्षांनी भरलेला असतो. दुसरा मोबाइल काकांच्या जवळ, चौकटीबाहेर ठेवून त्यावर आवाज वेगळा घ्यावा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवावी, म्हणजे संकलन करताना चित्र व आवाज जुळवता येतात. किल्ल्यांचा खुळखुळाट, सायकलची घंटा, खिडकीची कडी हे आवाज नंतर बंद खोलीत जवळून पुन्हा घ्यावेत. शिवाय प्रत्येक जागेची अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करावी. रिकाम्या वर्गाची शांतता आणि रिकाम्या अंगणाची शांतता या निराळ्या असतात, हे कानाला लगेच कळते.

संगीताविषयी एक सूचना. 'एम' मध्ये पार्श्वसंगीत नाही, फक्त ती शीळ आहे. ग्रीग या नॉर्वेजियन संगीतकाराची ती धून पुढे खुन्याची ओळख पटवते. आपणही ढोल-व्हायोलिनच्या तयार फिती शोधत बसू नये. ग्रीग १९०७ साली वारले, त्यांच्या रचनेवर आता हक्क नाहीत. पण एखाद्या वाद्यवृंदाने ती वाजवून केलेल्या मुद्रणावर असू शकतात, हा फरक पुष्कळांना ठाऊक नसतो. संगीत वर्गातल्या कोणी पेटीवर एकच खालचा सूर धरला आणि दिवा विझताना सोडला, तर त्याहून जास्त काही लागणार नाही.

पालक आणि विश्वस्त मंडळींनी पुढील भाग जरूर वाचावा.

'एम' मध्येच पुढे एक छोटा प्रसंग आहे. रस्त्यात एक साधा गृहस्थ एका मुलीशी दोन शब्द बोलतो आणि बघता बघता त्याच्याभोवती गर्दी जमून त्यालाच खुनी ठरवू लागते. १९३१ सालचा हा प्रसंग आपल्याकडे २०१८ साली खरा झाला. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा तेव्हा मोबाइलवरून देशभर फिरत होत्या. जून महिन्याच्या शेवटी अहमदाबादेत एका भिक्षेकरी महिलेला जमावाने मारले, आणि १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेवर जगणाऱ्या भटक्या समाजातील पाच जणांचा जीव गेला. त्या काळात फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक पाहून लोकांच्या अंगावर काटा येई : गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका मुलाला उचलून नेतात. ती चित्रफीत खोटी नव्हती, अभिनित होती. कराचीतील रोशनी हेल्पलाइन या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी ती बनवली होती. मूळ फितीत ते दोघे लगेच परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला. उरली ती एका उत्तम रहस्यपटाची सुरुवात, शीर्षक नसलेली.

म्हणून आपल्या नमुन्यात 'हरवलेले मूल' दाखवलेले नाही, सायकल दाखवली आहे. 'आपल्या शाळेतून मुलगी नाहीशी' अशी दोन मिनिटे शाळेच्या गणवेशात, ओळखू येणाऱ्या फाटकासमोर चित्रित करून कोणी वर्गाच्या गटावर टाकली, तर तासाभरात ती कुठवर जाईल ते सांगता येत नाही. शीर्षक शेवटी न ठेवता मध्येच, रिकाम्या चौकटीवर ठेवण्याचे तेही एक कारण आहे. सभागृहात दाखवायची प्रत स्वच्छ असावी. जी प्रत बाहेर जाईल, म्हणजे नातेवाइकांना किंवा स्पर्धेला, तिच्या खालच्या कडेला शाळेचे नाव आणि 'काल्पनिक लघुपट' ही अक्षरे सुरुवातीपासून अखेरपर्यंत ठेवावीत. चित्र थोडे बिघडते, हे मान्य. ते बिघडू द्यावे. कच्चे शॉट एकाच मोबाइलवर किंवा संगणकावर राहावेत आणि त्याची जबाबदारी एका शिक्षकाकडे असावी.

खेळण्यातले पिस्तूल, सुरा, तोंडाला बांधलेला रुमाल यांसह रस्त्यावर चित्रीकरण करू नये, ही दुसरी गोष्ट. दांडिया बाजारातून जाणाऱ्याला कोपऱ्यातला मोबाइल दिसत नाही, हातातले हत्यार दिसते. सारे काम फाटकाच्या आत करावे. रस्त्यावरचा एखादा शॉट अगदी हवाच असेल तर पोलीस चौकीत आधी लेखी कळवून, दिवसाउजेडी घ्यावा. गर्दीच्या शॉटमध्ये लहान वर्गांतली मुले येणार असतील तर त्यांच्या पालकांची लेखी संमती हवी. ज्यांना चालणार नाही त्यांची मुले त्या दिवशी दुसऱ्या दाराने जातील अशी सोय करावी, आणि त्याबद्दल कोणी त्यांना कारण विचारू नये. तिसऱ्या संध्याकाळी निदान दोन मोठी माणसे हजर असावीत आणि साडेसातला शेवटचा विद्यार्थी घरी निघालेला असावा.

इच्छुक गटांनी वीस चौकटींचे पान, तीन दिवसांचे वेळापत्रक आणि संमतिपत्रे एकत्र जोडून मुख्याध्यापकांच्या कार्यालयात द्यावीत. शिपाईकाकांची भूमिका विद्यार्थ्याने करायची की खऱ्या काकांनाच विचारायचे, हे गटाने ठरवावे. विचारायचे असल्यास त्यांची कामाची वेळ संपल्यावर त्यांना थांबवून ठेवू नये. आणि फरशीवरच्या खडूच्या खुणा तिसऱ्या दिवसापर्यंत पुसू नयेत, हे सफाईच्या मावशींना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.